पाणी आणि घड्याळ

आरोंद्याला आमचं घर खाडीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ही तेरेखोलची खाडी. नदी सह्याद्रीतून निघते, बांद्यावरून खाली येते आणि तेरेखोलच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. अलीकडे आमचं गाव, पलीकडे किरणपाणी, म्हणजे गोवा. आता मध्ये पूल आहे आणि माणसं मोटारसायकलवरून दोन मिनिटांत राज्य बदलतात. पूल नव्हता तेव्हा होडीशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि त्या होड्यांतली एक आमच्या अब्बांची होती.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. एक थोरला, एक धाकटा, मध्ये दीड वर्षाचं अंतर. एकाच शाळेत शिकलो, एकाच कॉलेजातून इंजिनिअर झालो आणि पुण्यात एकाच कंपनीत, एकाच विभागात चिकटलो. लोक हसायचे. अम्मी मात्र खूश होती, कारण एकाची खबर घेतली की दुसऱ्याची आपोआप मिळायची. लिहायला बसल्यावर कोणी काय केलं आणि कोणी काय म्हटलं हे वेगळं काढणं आम्हालाही जमत नाही. पुढे जी चूक सांगणार आहोत तीही दोघांची सामाईक आहे. वाटणी करून घ्यावी इतकी लहान ती नाही.

अब्बांना आमचं काम कधी नीट सांगता आलं नाही. सुट्टीत घरी गेलो की एकदा तरी विचारायचे, "नेमका काय करतास रे तुमी?" थोरला म्हणायचा, "अब्बा, आम्ही घड्याळ लावून बसतो." ते खोटं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये कोणी काही बदल केला की तो बदल घेण्याआधी बघावं लागतं की प्रोग्रॅम आधीपेक्षा हळू तर झाला नाही. त्यासाठी ठरावीक काम त्याला द्यायचं, किती वेळ लागला ते मोजायचं, पुन्हा द्यायचं, पुन्हा मोजायचं. याला बेंचमार्क म्हणतात. ऐकायला सोपं आहे. धावपटूची वेळ मोजण्याइतकं सोपं. पण धावपटू एकच, रस्ता तोच आणि घड्याळही तेच असताना दर वेळी उत्तर वेगळं येतं, तेव्हा खरा घोळ सुरू होतो. एकदा 10 सेकंद, एकदा साडेदहा, मध्येच एकदा 13. यातला खरा आकडा कोणता? आमच्या नोकरीतली निम्मी वर्षं या एका प्रश्नात गेली.

अब्बांना हा प्रश्न सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आदी पानी खंय जाता ता बघ, मगे घड्याळ." आम्ही हसलो. म्हाताऱ्या माणसाला सगळीकडे होडीच दिसते, असं आमचं मत.

होडीची हकीगत आम्हाला पाठ होती, तरी हसलो. आम्ही शाळेत असताना अब्बांच्या आणि चाचांच्या दोन होड्या होत्या. चाचांनी आपली होडी तळापासून खरवडून घेतली, कालवं-शिंपले काढले, नवं डांबर लावलं आणि सांगत सुटले की आपली होडी आता सर्वात वेगात पलीकडे जाते. लोक वेळ लावून बघू लागले. चाचांचं म्हणणं खरं निघालं. एका आठवड्यात उतारू त्यांच्याकडे वळले. अब्बा गप्प होते. मग एका संध्याकाळी त्यांनी चाचांना विचारलं, आज चाँद कितवा? चाचा म्हणाले, सातवा. अब्बा म्हणाले, मग खाडीला भांग आहे, पाण्याला ओढ नाही. लोकांनी माझी वेळ मोजली ती चाँदरातीच्या पाठोपाठ, उधाणाच्या पाण्यात. आणि ती फारशी चव न ठेवता बोलले, "माजी होडी त्या पाण्यात, तुजी ह्या पाण्यात. मगे बरोबरी कशी होतली?"

खाडीच्या काठावर न राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. भरती-ओहोटी चंद्राच्या ओढीनं चालते. दिवसाकाठी दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि त्यांची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून आज सकाळी सात वाजता जे पाणी आहे ते उद्या सातला नसतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण येतं, पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि मधल्या वेळी जोरात वाहतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे मवाळ पाणी. आमच्या घरात हे हिजरी तारखांवर मोजलं जायचं, शेजारी तिथीवर मोजायचे, आणि दोन्ही हिशेब एकाच पाण्यापाशी येऊन थांबायचे. आडव्या ओढीत होडी सरळ जात नाही. धार धरून वर चढावं लागतं, मग सोडून द्यावं लागतं. त्याच होडीला, त्याच हातांना कधी दीडपट वेळ लागतो.

अब्बांनी मग सरळ मार्ग काढला. दोन्ही होड्या एकाच पाण्यात, बरोबरीनं सोडल्या. पहिल्या फेरीत चाचांची पुढे आली. अब्बा म्हणाले, आता हात बदलायचे. ते चाचांच्या होडीत बसले, चाचा त्यांच्या होडीत. तरी चाचांचीच होडी पुढे, पण थोडक्यात. मग जागा बदलल्या, वरची खाली आणि खालची वर. अशा आठ-दहा फेऱ्या झाल्यावर ठरलं की डांबराचा फायदा आहे, पण लोक म्हणत होते त्याच्या पाव हिस्साही नाही. बाकीचं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी अब्बांनी आपली होडी खरवडायला काढली. फायदा लहान असला तरी होता, हे त्यांनी मान्य केलं. ही गोष्ट घरात विनोद म्हणून सांगितली जायची. अब्बांनी हरण्यासाठी दहा फेऱ्या मारल्या म्हणून.

आता पुण्याकडे येऊ.

आमच्या विभागाला एक छोटी खोली होती. तिच्यात डझनभर यंत्रं, आणि त्यातलं एक फक्त मोजमापासाठी राखून ठेवलेलं. आमच्या पद्धतीचा आम्हाला अभिमान होता. इतर विभाग एकदा चालवून आकडा द्यायचे, आम्ही चाळीस फेऱ्या मारायचो. सकाळी आल्यावर जुनी आवृत्ती लावायची, चाळीस फेऱ्या. जेवून आल्यावर नवी आवृत्ती, चाळीस फेऱ्या. दोन्हींचे मध्यक काढायचे आणि तुलना करायची. सरासरी घ्यायची नाही, एवढं शहाणपण होतं, कारण मध्येच एखादी फेरी काही कारणानं रेंगाळली तर सरासरी बिघडते, मध्यक टिकतो. नवी आवृत्ती 3 टक्क्यांहून हळू निघाली तर बदल परत. हा नियम आम्हीच सुचवला होता आणि वरच्यांनी तो आनंदानं घेतला. आकड्यावर बोट ठेवता आलं की वरच्यांचं काम हलकं होतं.

2018 साली एका मुलीचा बदल आमच्याकडे आला. सोलापूरकडची, नोकरीचं दुसरं वर्ष, घरातली पहिली इंजिनिअर. तीन महिने खपून तिनं एका जुन्या, गुंतागुंतीच्या भागाची नव्यानं रचना केली होती. आम्ही मोजलं. 4 टक्के हळू. ती म्हणाली, माझ्या यंत्रावर असं दिसत नाही. आम्ही म्हटलं, तुझ्या यंत्रावर ब्राउझर उघडा असतो, गाणी चालू असतात, ते मोजमाप नव्हे. पुन्हा मोजा म्हणाली. आम्ही पुन्हा मोजलं, त्याच पद्धतीनं, आणि पुन्हा 4 टक्के आले. तिला तक्ता दाखवला. जुन्याच्या चाळीस फेऱ्या एकमेकींपासून जेमतेम एक टक्का लांब, नव्याच्याही तशाच, आणि दोन ढिगांच्या मध्ये स्वच्छ मोकळी जागा. इतका नीटनेटका तक्ता क्वचित मिळतो. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि काही बोलली नाही.

बदल परत गेला. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात तिच्या नावापुढे जे लिहिलं गेलं त्यात आमचा तक्ता जोडलेला होता. 2019 च्या सुरुवातीला ती नोकरी सोडून गेली. निरोपाच्या दिवशी तिनं सगळ्यांना पेढे दिले. आम्हालाही दिले.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या तीन दिवस आधी आम्ही गाडी काढून आरोंद्याला आलो. आठवडाभरासाठी आलो होतो, वर्ष काढलं. कंपनीचे एकसारखे दोन लॅपटॉप होते. पुण्याच्या खोलीत जायला कोणी नाही, म्हणून मोजमाप याच लॅपटॉपवर करायचं ठरलं. पडवीत एक जुनं टेबल होतं, त्यावर थाटलं.

पहिल्या दिवसापासून आकडे वेड्यासारखे येऊ लागले. सकाळी एक, दुपारी दुसराच. वीस-वीस टक्क्यांचा फरक. लाईट गेली की आणखी वेगळा. कारणं माहीत नव्हती असं नाही. आजचा प्रोसेसर एका ठरलेल्या वेगानं चालत नाही. थंड असेल आणि बाकीचं काम कमी असेल तर तो टर्बोवर जातो, म्हणजे आपल्या नेहमीच्या वेगाहून वर पळतो. तापला की स्वतःला आवरतो. बॅटरीवर असला की कंजूष होतो. एप्रिलची कोकणातली दुपार, वर कौलं, हवेत दमटपणा. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज ऐकून अम्मीला वाटायचं मिक्सर चालू राहिला.

मग आम्ही शिस्त लावली. टर्बो बंद केला. वेग एकाच आकड्यावर बांधून टाकला, कमी का होईना, पण तोच. मोजायच्या प्रोग्रॅमला प्रोसेसरचा एक कोअर राखून दिला, बाकीच्या कामांना तिकडे फिरकू दिलं नाही. अपडेट, मेल, वायफाय, सगळं बंद. पहिल्या काही फेऱ्या सोडून द्यायच्या, कारण सुरुवातीला फाईल डिस्कवरून येतात, मग मेमरीत राहतात आणि वेळ घटतो. वेळ मोजायलाही भिंतीवरचं घड्याळ वापरायचं नाही, म्हणजे यंत्रातलं तारीख-वेळ दाखवणारं. ते इंटरनेटवरून स्वतःला दुरुस्त करतं आणि मोजमापाच्या मध्येच मागेपुढे सरकू शकतं. यंत्रात दुसरं एक घड्याळ असतं, त्याला किती वाजले ते ठाऊक नसतं, पण ते कधी मागे जात नाही. ते वापरायचं. आणि रात्री मोजायचं. रमजान 25 एप्रिलला सुरू झाला होता, सेहरीपर्यंत जागरण होतंच. तरावीह यंदा घरातच व्हायची. अब्बा पुढे, आम्ही मागे. नमाज आटोपली की फेऱ्या लावायच्या. रात्री बाराच्या पुढे व्होल्टेज स्थिर, हवा थंड, घर शांत. आकडे एकमेकांजवळ येऊ लागले. वीस टक्क्यांचा पसारा दोनवर आला, मग एकावर.

आणि त्याच रात्री धाकट्यानं, निव्वळ खुशीनं, एक गंमत केली. नव्या-जुन्याच्या जागी एकाच आवृत्तीची स्वतःशी तुलना लावली. अ विरुद्ध अ. उत्तर शून्य यायला हवं. आलंही. मग थोरला म्हणाला, पुण्याला करायचो तशी करून बघू. टर्बो चालू ठेव, चाळीस सकाळी, चाळीस जेवणानंतर. रोज्यात जेवण नव्हतं, जुहरनंतर लावल्या. तोच प्रोग्रॅम, त्यात एका अक्षराचा बदल नाही. दुपारचा ढीग सकाळच्या ढिगाहून 9 टक्के हळू. दोन्ही ढीग आपापल्या जागी नीटनेटके, मध्ये स्वच्छ मोकळी जागा.

आम्ही दोघेही त्या तक्त्याकडे बघत राहिलो. असा तक्ता आम्ही आधी पाहिला होता.

पुण्याची ती खोली पश्चिमेची. सकाळी रिकामी, थंड. अकरानंतर बाकीची अकरा यंत्रं जोरात चालू लागायची आणि एसीला ते झेपायचं नाही, हे आम्हाला माहीत होतं. आम्हीच एसीची तक्रार लिहून दिली होती. पण तक्रार एका फाईलमध्ये आणि मोजमाप दुसऱ्या. जुन्या नोंदी काढल्या, प्रत्येक फेरीची वेळ लिहिलेली होती. दोन वर्षांत एकदाही नवी आवृत्ती सकाळी लावलेली नव्हती. एकदाही नाही. आम्ही दोन वर्षं प्रत्येक नव्या कामाला दुपारच्या पाण्यात ढकलत होतो.

कोणाला संशय का आला नाही? एक तर नवं सॉफ्टवेअर जुन्याहून जड असतं, असं सगळ्यांना वाटतंच. आकडा तेच सांगत होता, मग त्याला कोण विचारणार? आणि दुसरं, आमचे आकडे जुळत होते. चाळीस फेऱ्या एका टक्क्यात. आकड्यांचा पसारा कमी झाला की माणसाला वाटतं सत्य हाती आलं. पसारा कमी असणं आणि आकडा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेम धरून मारलेले सगळे दगड एकाच जागी पडले तरी ती जागा कैरीपासून हातभर लांब असू शकते. हे आम्ही कॉलेजात शिकलो होतो. परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते.

याच सुमाराला थोरल्याच्या वाचनात पां. वा. सुखात्मे आले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा, 1911 चा जन्म, मोठा संख्याशास्त्रज्ञ. पुढे रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत गेले, 1997 साली वारले. त्याआधी 1940 च्या दशकात आपल्या देशात पीक किती येतं हे मोजायचा प्रश्न होता. सगळं शेत कापून मोजणं शक्य नाही, म्हणून शेतात एक लहान तुकडा आखायचा, तेवढंच कापायचं आणि हिशेब करायचा. तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे आणि कलकत्त्याचे महालनोबिस यांच्यात चांगलीच जुंपली. महालनोबिस यांचा कल लहान तुकड्यांकडे. लहान तुकडे पुष्कळ घेता येतात, पसारा कमी होतो. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान असला की कडेवरची ताटं आत धरायची की बाहेर हा प्रश्न येतो आणि कापणाऱ्याचा हात ती आत धरण्याकडे झुकतो. मग पीक आहे त्याहून जास्त दिसतं. असे लाख तुकडे कापले तरी उपयोग नाही. चूक दर वेळी एकाच दिशेला असेल तर फेऱ्या वाढवून ती जात नाही, उलट पक्की होते. 1946 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी यावर लिहिलं होतं. आमच्या चाळीस फेऱ्या म्हणजे त्या ताटांसारख्याच, सगळ्या कडेवरच्या.

आमच्या धंद्यातले लोकही यात आधीच पडून उठलेले होते. 2009 साली मिटकोविझ, दिवान, हाउसविर्थ आणि स्वीनी या चौघांनी दाखवलं की प्रोग्रॅमच्या आसपासची एक निरुपद्रवी माहिती, जिचा त्याच्या कामाशी संबंध नाही, लांबीला थोडी कमी-जास्त झाली तरी प्रोग्रॅमची मेमरीतली जागा सरकते आणि वेग बदलतो. प्रोग्रॅमचे भाग कोणत्या क्रमानं जोडले यानंही बदलतो. म्हणजे एकाच घरात राहणारा माणूस, पलंग पूर्वेला की पश्चिमेला यावरून त्याची चाल ठरते. 2013 साली कर्टसिंगर आणि बर्गर यांनी ही जागा मुद्दाम सतत हलवत ठेवून मोजलं, म्हणजे नशिबाचा भाग सगळ्यांना सारखा वाटला जावा. तेव्हा निघालं की एका प्रसिद्ध कंपायलरमधली वेग वाढवण्याची वरची पायरी आणि तिच्या खालची पायरी यांतला फरक गोंगाटातून वेगळा काढता येत नाही. एवढे लोक एवढी वर्षं ती वरची पायरी विश्वासानं वापरत आले.

सगळीकडे इतकी काळजी लागते असंही नाही. 2007 च्या नोव्हेंबरात पुण्याचा ‘एका’ हा महासंगणक जगात चौथा आला, 117.9 टेराफ्लॉप्सचा आकडा घेऊन. तेव्हा आमच्या कॉलेजात पेढे वाटले होते. ती शर्यत सर्वात चांगल्या धावेची असते. जिथे शिखर किती उंच एवढंच विचारायचं तिथे उत्तम फेरी पुरते. आमचा प्रश्न शिखराचा नव्हता. आम्ही दोन माणसांच्या कामाची तुलना करत होतो, आणि त्यावर एकाची नोकरी अवलंबून होती.

तर पद्धत बदलली. एक फेरी जुनी, एक नवी, मग नवी, मग जुनी. अ-ब, ब-अ. तापमान चढत असेल तर ते दोघांनाही सारखं चढावं. मग तोही क्रम चिठ्ठ्या टाकल्यासारखा यंत्रालाच ठरवू दिला, आमच्या हाताचा भरवसा नको. दोन लॅपटॉपची अदलाबदल. एखादी फेरी वाईट दिसली म्हणून हातानं काढून टाकायची नाही. आणि सुरुवातीला रोज अ विरुद्ध अ. तराजूची पारडी रिकामी असताना काटा बघावा तसं. हे सगळं मांडत असताना अब्बा पडवीत आले, आणि थोरल्यानं त्यांना समजावून सांगितलं. ते ऐकून घेत होते. "हात बदललात?" एवढंच त्यांनी विचारलं. मग खाडीकडे गेले.

त्या मुलीचा बदल जुन्या साठ्यातून काढला. सतराव्या रोज्याच्या रात्री लावला. दोनशे फेऱ्या, आलटून-पालटून. फरक शून्याच्या अलीकडे-पलीकडे. बहुधा अर्धा टक्का वेगवानच, पण शपथ घ्यावी इतका नाही. मग खात्रीसाठी उलटं केलं. तिची आवृत्ती सकाळी, जुनी दुपारी, पुण्याच्या पद्धतीनं. तिची साफ जिंकली. म्हणजे आम्ही त्या दिवशी नुसता क्रम बदलला असता तर तिचं कौतुक झालं असतं, तेही तितकंच खोटं.

ईदच्या आधी वरिष्ठांना लिहिलं. तक्ते जोडले, चूक आमची म्हणून स्पष्ट लिहिलं, तिच्या नोंदीत दुरुस्ती व्हावी अशी विनंती केली. उत्तर सभ्य होतं. नव्या पद्धतीचं स्वागत आहे, ती सगळ्या विभागांना लागू करू. जुनी आवृत्ती बाजारातून गेली आहे, कर्मचारी सोडून गेली आहे, तो विषय उघडण्यात अर्थ नाही. पुढच्या तिमाहीत त्याच पद्धतीबद्दल आम्हा दोघांना शाबासकीचं पत्र मिळालं. अम्मीनं ते भिंतीला लावायला काढलं होतं. आम्ही लावू दिलं नाही, का ते तिला बरेच दिवस कळलं नाही.

ईद 25 मे रोजी झाली. ईदगाहवर जाणं नव्हतं, गळाभेट नव्हती, शीरखुर्मा शेजारी दारापर्यंत नेऊन ठेवायचा आणि मागे सरायचं. ईदच्या दिवशी माफी मागायची आमच्याकडे रीत आहे, पण ती आपसात, सोपी असते. ज्याला दुखावलं तो समोर असतो, हसतो, विषय संपतो. तिला लिहायला आम्हाला चार दिवस लागले. पहिला मसुदा फार लांब झाला. प्रोसेसर, तापमान, पश्चिमेची खोली. वाचून पाहिला तर ती माफी नव्हती, बचाव होता. सगळा काढून टाकला. तुझं काम हळू नव्हतं, आमचं मोजमाप चुकीचं होतं, तू पुन्हा मोजा म्हणालीस तेव्हा आम्ही क्रम बदलायला हवा होता, माफ कर. एवढंच ठेवलं. दोघांच्या नावानं पाठवलं.

आठ दिवस काही आलं नाही. पाऊस सुरू झाला. पडवीतलं टेबल आत आणलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं. माफ केलं किंवा नाही, याचा एक शब्द त्यात नव्हता. "आकडे पाठवा. सगळे. गाळलेल्या फेऱ्यांसकट, वेळेसकट." आम्ही सगळे पाठवले, पुण्याचे आणि आरोंद्याचे. गाळलेल्या फेऱ्या नाहीत, असंही लिहिलं. तीन दिवसांनी पुन्हा पत्र. तिनं ओळ न् ओळ वाचली होती. म्हणाली, तुमच्या दोनशे फेऱ्या यंत्र एकदाच चालू करून, एकाच बैठकीत झाल्या आहेत. मेमरीत जी जागा मिळाली ती कदाचित माझ्या आवृत्तीला सोयीची असेल. अर्धा टक्का वेगवान म्हणता, तो माझा नसेल, जागेचा असेल. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा, दहा फेऱ्या मारा, पुन्हा बंद करा. असं वीसदा करा. जे येईल ते मला कळवा, माझ्या बाजूचं असो की नसो.

थोरल्यानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. अब्बा आतल्या खोलीतून ऐकत होते. त्यांनी विचारलं, ही मुलगी कोणाची? आम्ही सांगितलं, सोलापूरकडची. ते म्हणाले, आईबाप काय करतात? ते आम्हाला माहीत नव्हतं. तीन महिन्यांचं तिचं काम दोनदा तपासलं, पण एवढं कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री लावायला घेतलं. वीसदा बंद, वीसदा चालू. सातव्यांदा चालू केलं तेव्हा विजा चमकत होत्या आणि साडेअकराला लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर गेला, म्हणजे ती बैठक फुकट. तशी नोंद केली, गाळली नाही. लाईट पहाटे आली. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.